मदत हवी: टॅटूचा खर्च कसा धरायचा? आज्जीचं गोंदण हातावर घ्यायचंय

नमस्कार मंडळी. मी उद्यमनगरात सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या धातू कापायच्या मशीनवर, आहे. टॅटूतलं ओ की ठो कळत नाही, म्हणून पैसे घालवायच्या आधी विचारतोय.

माझ्या आज्जीच्या डाव्या हातावर, कोपराच्या आतल्या बाजूला, तुळशीवृंदावन गोंदलेलं होतं. जोतिबाच्या यात्रेत, लगीन व्हायच्या आधी. गोंदणाऱ्या बाईला पैशांऐवजी जोंधळे घातले होते म्हणायची. खाली चौथरा, वर तीन डहाळ्या, भोवतीनं सात ठिपके. मला कळायला लागलं तोवर सगळं हिरवट पडलेलं. गेल्या साली आज्जी गेली. त्याच्या आधीच्या दिवाळीत पणत्या लावताना काढलेला एक फोटो आहे, त्यात हात स्वच्छ दिसतो. तेच मला माझ्या हातावर पाहिजे, जसंच्या तसं.

तीन ठिकाणी विचारलं. एकानं ५०० रुपये स्क्वेअर इंच सांगितलं. ४ बाय ३, म्हणजे १२ इंचाचे ६,००० झाले. दुसरा म्हणाला, पूर्ण कामाचे ३,५००. तिसरा तासाला १,५०० घेतो, आणि किती तास लागतील ते "बसल्यावर कळेल" म्हणे. काम एकच आणि हिशोब तीन! माझं बजेट ५,०००. फरक कशाचा आहे? आणि कामावर दुसऱ्या दिवशी जाता येतं का?

प्रतिसाद १

भावा, १२ इंच ही चौकट झाली. तुझ्या डिझाइनमध्ये निम्म्याहून जास्त कातडी मोकळीच आहे. इंचावर दर लावणाऱ्याला सरळ विचार, मोकळी जागा मोजता का? बरेच जण मोजतात, पण विचारलं की पूर्ण कामाचा आकडा देतात. नुसत्या रेषा-ठिपक्यांना शेडिंगवाल्या चेहऱ्याचा दर लावायचं कारण नाही. रंग नाही, शेडिंग नाही, जुनं काही झाकायचं नाही. खर्च वाढवणाऱ्या तिन्ही गोष्टी तुझ्याकडं नाहीतच.

पण बोटाएवढ्या टॅटूलाही कमीत कमी चार्ज का असतो, ते तुझ्याच भाषेत सांगतो. जॉब एक नग असू दे नाहीतर शंभर, सेटिंगला वेळ तेवढाच जातो ना? तसंच हे. नवीन सुई, ग्लोव्ह्ज, शाईच्या टोप्या, मशीनला गुंडाळायचं प्लॅस्टिक, स्टेन्सिल (कातडीवर उमटवायचा नमुना) काढणं. ठिपका एक असला तरी हे सगळं लागतंच. सुईचं पाकीट तुझ्यासमोर फोडायला लाव. तिथं टाळाटाळ झाली तर फुकट दिला तरी बसू नको.

प्रतिसाद २

भरतीची तयारी करतोयस का? असशील तर आधी थांब. आर्मीत हाताच्या आतल्या बाजूला, कोपरापासून मनगटापर्यंत, किंवा पंजाच्या मागं असलेला टॅटू चालतो. दंडावर, मानेवर नाही. सीआरपीएफ, बीएसएफला सॅल्यूटचा उजवा हात मोकळा लागतो, म्हणजे टॅटू डाव्याच हातावर. आमच्या गल्लीतल्या एका पोरानं मानेवर वाघ काढला आणि मग लेसरची चौकशी करत फिरला. लेसरनं टॅटू पुसायला अनेक सिटिंग लागतात, प्रत्येकीत काही आठवड्यांची गॅप, आणि खर्च घातल्यापेक्षा जास्त.

धागाकर्ता

भरतीला दोनदा पळालो, आता वय गेलं. तरी डाव्याच हाताच्या आत घेतोय, आज्जीचं तिथंच होतं. खाली बारीक अक्षरात 'आक्का' पण घालावं म्हणतो, सगळे तिला आक्काच म्हणायचे.

प्रतिसाद ३

'आक्का' बारीक नको. शाई कातडीत हळूहळू पसरते. देवनागरीत शिरोरेघ आणि क्क एवढ्याशा जागेत कोंबलं की काही वर्षांत नुसता डाग दिसतो. घालायचंच तर मोठं घाल, मग पैसेही वाढतील.

आता तू विचारलेलं मधेच राहिलं ते सांगतो, कारण तुझा खरा खर्च तिथं आहे. ताजा टॅटू म्हणजे उघडी जखम. वरची कातडी धरायला दोन ते तीन आठवडे जातात. सीएनसीवर हात कूलंटनं (मशीन गार ठेवायचं पाणी) भिजणार, वर धातूच्या बारीक चिप्स. दुसऱ्या दिवशी गेलास तर टॅटूच्या बिलाशेजारी डॉक्टरचं बिल ठेव. गणपतीत तर बिलकूल काढू नको. मिरवणुकीत त्यावर गुलाल बसणार, घाम वेगळा. ऑफर त्याच दिवसांत लागतात, हीच गंमत. आणि तुमच्या मंडळाचं रक्तदान शिबिर असेल तर टॅटूनंतर वर्षभर रक्त देता येत नाही, तेही धर.

धागाकर्ता

मंडळी, आभार. शनिवारी परत तिघांकडं जाऊन आलो. या वेळी स्टेन्सिलच्या कागदावर पेनानं बाहेरची रेघ मारून घेतली. इंचवाल्यानं मोकळी जागा सोडली तर आकडा ४,००० वर आला, महिन्यानं टचअप (फिकं पडलेलं परत भरणं) त्यातच. ३,५०० वाला टचअपचे ८०० वेगळे म्हणाला, म्हणजे तो ४,३०० ला पडतो. तासवाला अजून "बसल्यावर कळेल" वरच आहे. त्याला रामराम. पहिल्याकडं १,००० अॅडव्हान्स दिला, बिलात वळता होईल असं पावतीवर लिहून घेतलं. मलम आणि बिनवासाचा साबण धरून ४,५०० च्या आत बसतंय.

रजेचं गणित मात्र अवघड होतं. माझा रोज ७००. दोन आठवडे घरी बसलो तर टॅटूच्या दुप्पट पगार जातो. शेवटी सुपरवायझरशी बोललो. दिवाळीत कंपनी पाच दिवस बंद असते, सुट्टीच्या पहिल्याच दिवशी काढतो. पुढचे दहा दिवस मला इन्स्पेक्शनला टाकतो म्हणालाय, तिथं कूलंट नाही, नुसते मापायचे गेज. 'आक्का' रद्द.

एक राहिलं. आईला स्टेन्सिल दाखवली तर बघता बघता म्हणाली, ठिपके नऊ होते. मी फोटो मोठा करून बघितला, सातच. मग तिनं स्वतःच्या कोपराची घडी दाबून दाखवली: "हिथं दोन होते, सुरकुतीत गेले." स्टेन्सिल परत काढायला सांगितलीय, नऊची. जादा दोन ठिपक्यांचे पैसे नाहीत, विचारून घेतलं.