त्स्वाइगच्या आठवणी निरोप म्हणून वाचाव्यात का?

नौपाडाकर:
श्टेफान त्स्वाइगचं 'द वर्ल्ड ऑफ यस्टरडे' वाचतोय. १८८१ साली व्हिएन्नात जन्मलेला हा ज्यू लेखक हिटलरमुळे देशोधडीला लागला. पत्रं नाहीत, टिपणं नाहीत, सगळं आठवणीतून लिहिलंय. फेब्रुवारी १९४२ मध्ये ब्राझीलमध्ये त्याने आणि त्याच्या बायकोने आत्महत्या केली, पुस्तक त्यानंतर छापलं गेलं. हे माहीत असल्यामुळे मला पानोपानी निरोपच दिसतो. १९१४ पूर्वी भारतात, अमेरिकेत पासपोर्टशिवाय जाऊन आलो म्हणतो, तिथे तर पुढे वाचवेना. पण दोन लग्नं झाली आणि एकीचंही नाव घेत नाही! असं का?

नेरूळची वाचक:
प्रस्तावनेतच सांगतो की ही माझी एकट्याची नाही, एका पिढीची कहाणी आहे. निरोप म्हणून जरूर वाचा, पण पहिल्या महायुद्धापूर्वीच्या काळाला तो 'सुरक्षिततेचं सोनेरी युग' म्हणतो, ते कुणाचं, हेही विचारा. त्याचे वडील कापडाचे कारखानदार होते. अर्थात तो आंधळा नाही. शाळेतला जीवघेणा कंटाळा आणि स्त्री-पुरुष संबंधांबद्दलचा ढोंगीपणा यांवर सडकून लिहितो. आईवडिलांचं ते जग म्हणजे स्वप्नातला वाडा होता हेही कबूल करतो, तरी त्याचा जीव तिथून सुटत नाही. मला पुस्तक भिडलं ते इथे.

कोपरीकर:
ऑस्ट्रियाच्या सीमेवरच्या फेल्डकिर्ख स्टेशनचा प्रसंग चुकवू नका. १९१९. ऑस्ट्रियाचा शेवटचा सम्राट कार्ल देश सोडतोय, गाडीच्या खिडकीत उभा आहे. जुना सलाम ठोकायचा की नाही हे पोलिसांना, सैनिकांना कळेना, ते नजर चुकवतात. कुणी बोलत नाही, एका म्हातारीचा हुंदका तेवढा ऐकू येतो. 'राजवट संपली' असं म्हणण्यापेक्षा त्या पोलिसांचे अवघडलेले हात जास्त सांगून जातात.
आमचे बाबा वागळे इस्टेटमध्ये फिटर होते. कारखाना कधीच बंद पडला, नंबर कोरलेला पितळी बिल्ला अजून कपाटात आहे. बाबांच्या बोलण्यात भोंगा, कँटीन आणि दिवाळीचा बोनस. आई मात्र कारखान्याच्या टाळेबंदीतलं वाण्याचं उधार सांगते. दोघं एकाच काळाबद्दल बोलतात. त्स्वाइगच्या बायकांचं म्हणणं पुस्तकात नाही, ही मला खरंच मोठी उणीव वाटते.

नौपाडाकर:
दोघांचेही मनापासून आभार. फेल्डकिर्ख अजून यायचंय, आज रात्री तिथवर वाचतो. कोपरीकर, आईंचं ते उधारीचं सगळं लिहून ठेवा, वाण्यासकट. आणि जमलं तर इथे टाका.