महिलांची हातोडाफेक की हातोडीफेक?

तळओळ: 2025 च्या तोक्योतल्या जागतिक अ‍ॅथलेटिक्स स्पर्धेवरच्या एका माहितीपटासाठी मराठी सबटायटल्स लिहितेय. महिलांच्या हॅमर थ्रोच्या अंतिम फेरीपाशी गाडी अडली. मी लिहिलं होतं, 'कॅनडाच्या कॅमरिन रॉजर्सनं हातोडा 80.51 मीटरवर टाकला.' तपासणाऱ्यांनी 'हातोडा' खोडून 'हातोडी' केलं. म्हणे पुरुषांचा 7.26 किलोचा, बायकांचा 4 किलोचा, आणि लहान वस्तूला मराठीत स्त्रीलिंगी रूप असतंच. डबा-डबी, सुरा-सुरी. व्याकरणानं ठीक वाटतं, पण कान ऐकत नाही. दुसरं म्हणजे तारेच्या टोकाला जे वजन असतं त्याला काय म्हणू? 'गोळा' म्हटलं तर गोळाफेकीशी गल्लत होते.

ऱ्हस्वदीर्घ: आधी 'टाकला' काढा. शस्त्र टाकलं, नवऱ्यानं टाकली, तसं हातोडा टाकला म्हणजे तिनं खेळ सोडला असं होईल. फेकला म्हणा. आणि 'हातोडाफेक' एकत्र लिहा, सामासिक शब्द आहे. 'हातोडा फेक' असं तोडून लिहिलं की हल्लीच्या पोरांना तो हातोडा नकली वाटतो. बाकी लघुत्वदर्शक रूपाला माझी हरकत नाही. भाषेत सोय आहे तर वापरावी.

जुना पंच: माझी आहे. महिलांचा गोळाही 4 किलोचा आणि पुरुषांचा 7.26 चाच, म्हणजे सोळा पौंडांचा. गोळ्याची गोळी झाली का कधी? थाळी तर उलट पुरुषांची 2 किलोची असूनही थाळीच, थाळा नाही. हातोड्याची लांबी मुठीपासून टोकापर्यंत पुरुषांसाठी 121.5 सेंटिमीटरपर्यंत, महिलांसाठी 119.5 पर्यंत. दोन सेंटिमीटरवर लिंग बदलायचं? वर्तुळ दोघांना सारखंच, 2.135 मीटर व्यासाचं. शाळांच्या प्रवेशपत्रिकेवर 'हातोडाफेक' छापलेलं असायचं आणि मुलं-मुली सगळे 'हॅमर' म्हणायचे. हातोडी मागितली तर आमचा शिपाई खिळे ठोकायची आणून द्यायचा.

चहाबिस्कूट: महिलांची गोळीफेक आहे ना, ती नेमबाजीत. हलकेच घ्या.

कोरडवाहू: मुळात तो हातोडा आहेच कुठे? लोखंडी गोळा, त्याला तार, तारेला मूठ. गरागरा फिरवायचा न् सोडून द्यायचा. आमच्याकडं याला गोफण म्हणतात. जोंधळा हुरड्यात आला की माळ्यावर उभं राहून पाखरं हाकायला माझी आजी जी गोफण भिरकावायची, तिच्यापुढं तुमचा तो हातोडा अडवायचा जाळीचा पिंजरा टिकला नसता. 'गोफणफेक' म्हणा की राव. 'फेक' पण नको, 'भिरकावणी' म्हणा.

जुना पंच: कोरडवाहू, आजींना नमस्कार, पण गोफणीत दोरीचं एक टोक बोटात अडकलेलं राहतं. दुसरं सुटतं आणि गुंडा, म्हणजे आतला दगड, जातो, गोफण हातातच राहते. इथे मुठीसकट सगळं जातं. आजींनी गोफणच फेकली असती तर पाखरांनी दुसऱ्या दिवशी जोंधळा उरवला नसता. आणि फिरतो तो नुसता हात नाही. आधी डोक्याभोवती दोन घेर, मग टाचेवर-चवड्यावर तीन-चार गिरक्या, आणि गोळा बाहेर ओढत असताना अंग मागे रेलून तोल धरायचा. फुगडी खेळणारीला लवकर समजतं.

बेलापूरकर: उत्तरेकडच्या हिंदी पेपरांत सर्रास 'तार गोला फेंक' लिहितात. आपण 'तारगोळा' का घेऊ नये? दोन्ही शब्द आपलेच, आणि वस्तूचं वर्णनही चोख.

ऱ्हस्वदीर्घ: शब्द आपले असले तरी जोडणी उसनी आहे. हिंदीतून आलेलं कितीही चोख असलं तरी मी घेणार नाही.

बेलापूरकर: आणि 'हातोडा' काय ज्ञानेश्वरांनी दिला या खेळाला? तो इंग्रजीचा शब्दशः तर्जुमाच आहे. इंग्रजीतून आलेलं सोवळं आणि हिंदीतून आलेलं ओवळं?

जुना पंच: तर्जुमा आहे, पण चुकीचा नाही. स्कॉटलंड-आयर्लंडकडे पूर्वी लाकडी दांड्याचा खराखुरा घणच फेकत. स्कॉटलंडच्या हायलंड खेळांत अजूनही ताठ दांड्याचा असतो. पुढे दांड्याची तार झाली, नाव तेवढं राहिलं.

खलबत्ता: घण! मी याचीच वाट बघत होते. आमच्या आठवडी बाजारात घिसाडी बसायचे. नवरा सांडशीत लाल झालेलं लोखंड ऐरणीवर धरायचा, आणि त्याच्या दुसऱ्या हातात असायची हातोडी. तो तिनं टक् करून जागा दाखवायचा. त्या जागेवर दोन्ही हातांनी डोक्यावरून घण घालायची ती घिसाडीण, पदर खोचून, शेजारी झोळीत पोर. म्हणजे हातोडी बाप्याची आणि घण बाईचा. तुमच्या तपासणाऱ्यांना एकदा त्या पालापाशी उभं करा, तळओळताई.

चहाबिस्कूट: खलबत्ताकाकू, इथेच धागा संपायला हवा होता.

ऱ्हस्वदीर्घ: संपत नाही. तिच्या हातात पडला म्हणून 'घण' पुल्लिंगी राहिला, यात व्याकरणदृष्ट्या नवल काही नाही. वस्तूचं लिंग धरणाऱ्यावर ठरत नाही.

खलबत्ता: मी तेच म्हणतेय हो!

कोरडवाहू: हातोडा म्हंजे हातानं ओढायचा तो. गोळा बाहेर ओढतो, बाई आत ओढते. झाली व्युत्पत्ती.

ऱ्हस्वदीर्घ: अरे देवा. 'ओढणे' मध्ये ढ आहे. हिंदीत हथौड़ा, गुजरातीत हथोडो, तेव्हा मूळ जुनं असणार. संस्कृतात 'कूट' म्हणजे घण, त्याला 'हस्त' जोडून घासत घासत हातोडा झाला असावा असा माझा अंदाज. 'घण' मात्र सरळ 'घन' वरून.

बेलापूरकर: तुमचा तो अंदाज आणि त्यांची ती थाप होय?

तळओळ: सगळ्यांचे आभार, पण वजनाच्या भागाला काय म्हणायचं ते राहिलंच. आणि नवीन अडचण. पुढच्या भागात पोलंडची अनिता व्वोदार्चिक येते. 2016 मध्ये रिओ ऑलिंपिकमध्ये 82.29 आणि त्याच महिन्यात वॉर्सात 82.98, तो जागतिक विक्रम अजून तिचाच. ती ज्या ग्लोव्हनं फेकायची तो कामिला स्कोलिमोव्स्काचा होता. महिलांची हातोडाफेक ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा आली ती 2000 मध्ये सिडनीला, तेव्हा सतरा वर्षांच्या कामिलानं 71.16 मीटरवर सुवर्ण जिंकलं होतं. 2009 मध्ये सरावशिबिरात असताना कामिला वारली. वॉर्सातली ती स्पर्धाही तिच्याच स्मरणार्थ होती. 'कामिलाचा हातमोजा' लिहिलं तर वाचताना स्वेटर-मफलर डोळ्यांपुढे येतं. दुसरं काही सुचतंय?

ऱ्हस्वदीर्घ: 'हातमोजा' हा विनोदी शब्दच आहे. मोजा मूळ फारसी, तोही पायातला. त्याला हातात घातला आपण. 'करवेष्टन' म्हणावं.

चहाबिस्कूट: मेलेल्या मैत्रिणीचं करवेष्टन! वेष्टन साबणाला असतं हो.

जुना पंच: मैदानावर 'ग्लोव्ह' च म्हणतात. चामड्याचा असतो, डाव्या हातात, कारण उजव्या हातानं फेकणाऱ्याची मूठ डाव्या हाताच्या बोटांत बसते आणि उजवा त्यावर येतो. 'हातमोजा' लिहिलंत तरी चालेल, पण 'हातमोजे' नको. एकच असतो.

कोरडवाहू: बैलगाडीवाले कासरा हाताला काचू नये म्हणून फडकं गुंडाळतात. त्याला आमच्याकडं नाव नाही, फडकंच म्हणतात.

बेलापूरकर: ते व्वोदार्चिक काय प्रकरण आहे? पेपरात 'व्लोडार्झिक' वाचलंय.

तळओळ: पोलिश उच्चार तसा आहे. त्या एलवर तिरकी रेघ असते, तो 'व' होतो.

बेलापूरकर: मग 'वोदार्चिक' पुरे की. दोन व कशाला?

ऱ्हस्वदीर्घ: पहिला व मुळातलाच आहे, दुसरा त्या रेघेचा. जोडाक्षर बरोबर आहे. पण मला सांगा, वॉर्सा की वॉर्सॉ की वार्शावा? पोलिश उच्चार पाळायचे तर सगळीकडे पाळा.

चहाबिस्कूट: आणि तोक्यो का टोकियो?

जुना पंच: तळओळताई, वजनाला 'गोळा' च लिहा. फेकून झाल्यावर कुणी गोंधळत नाही.

ऱ्हस्वदीर्घ: टोकियो. शंभर वर्षं मराठीत टोकियोच आहे.