मदत हवी आहे: जीबीएस पॉझिटिव्ह आले, पण कळा चालत-फिरतच काढायच्या आहेत

मैत्रिणींनो, ३७वा आठवडा चालू आहे, दुसरी खेप. माहेरी आलेय, घाटंजीजवळच्या खेड्यात. स्वॅबमध्ये ग्रुप बी स्ट्रेप (जीबीएस) नावाचा जंतू निघाला. मला त्रास काहीच नाही, पण बाळाला लागण होऊ नये म्हणून कळा सुरू झाल्या की शिरेतून पेनिसिलिन, मग बाळंत होईपर्यंत दर ४ तासांनी. आत्ताच गोळ्या घेऊन टाकू का, विचारलं. डॉक्टर म्हणाल्या, उपयोग नाही, जंतू परत येतात.

औषधाला माझी ना नाही. पण पहिल्या वेळी कळांच्या इंजेक्शनाशिवाय, फिरत-फिरत मोकळी झाले, तसंच यंदाही हवंय. डोस संपला की सलाईन काढून हाताला नुसतं इंट्राकॅथ (शिरेतली बारीक नळी) ठेवतात का? तुम्हाला नर्सबाईंनी फिरू दिलं? आई म्हणते, "सुई घेऊन कोणी येरझारा घालते का वं?"

खरी धास्ती वेगळीच. पहिला डोस बाळ होण्याच्या निदान ४ तास आधी मिळालेला बरा, आणि मागच्या वेळी सगळं ५ तासांतच आटोपलं होतं. त्यात यवतमाळ लांब, रस्ता हा असा. कळा किती मिनिटांवर असताना तुम्ही १०८ला फोन केला? पाणी गेलं तर कळांची वाट न बघता निघायचं, एवढं ठरलंय.