आयएन-१४ निक्सी घड्याळ: चारही ट्यूब लावल्या की १८० व्होल्टचे १५० होतात

तांबडा_उजेड:
नमस्कार मंडळी. चार आकड्यांचं घड्याळ करतोय, सोव्हिएत आयएन-१४ निक्सी ट्यूब वापरून (वायू भरलेली काचेची नळी; आत ० ते ९ च्या आकाराचे कॅथोड, प्रवाह गेला की तो आकडा उजळतो). प्रत्येक ट्यूबला हवा तो आकडा पेटवणारी स्वतंत्र के१५५आयडी१ चिप, त्यांना डेटा दोन ७४एचसी५९५ शिफ्ट रजिस्टरमधून, आणि वर अर्डुइनो नॅनो हा मायक्रोकंट्रोलर बोर्ड. मल्टिप्लेक्सिंग (ट्यूब आळीपाळीने पेटवणं) नाही.

अडचण उच्च दाबाच्या भागात आहे. १२ व्होल्ट २ अँपिअरचा अडॅप्टर, व्होल्टेज वाढवायला एमसी३४०६३ ही कन्व्हर्टर आयसी, बाहेर स्विच म्हणून आयआरएफ७४० मॉसफेट. कॉइल १०० मायक्रोहेन्रीची, रेझिस्टरच्या आकाराची हिरवी असते ती. डायोड १एन४००७. आयसीची पिन २ थेट मॉसफेटच्या गेटला जोडली आहे आणि गेटपासून ग्राउंडला १ किलोओहम. आउटपुटला ४.७ मायक्रोफॅरड, ३५० व्होल्ट. प्रत्येक अ‍ॅनोडला १५ किलोओहम.

मोजमाप: ट्यूब न लावता १८१ व्होल्ट, एक ट्यूब लावली की १७२, चारही लावल्या की १५०. चार लावल्यावर आकडे खालून अर्धेच पेटतात आणि मॉसफेटला बोट लावता येत नाही. सर्किट सध्या ब्रेडबोर्डवर आहे. अ‍ॅनोड रेझिस्टर कमी करू का? की ट्यूबच खराब आहेत? शिवाय ५ चा आकडा उलट्या २ सारखा दिसतो, त्यामुळे माल नकली असल्याची शंका येते.

कॅथोड_काका:
आधी शंका मिटवू. आयएन-१४ मध्ये ५ साठी २ चाच पत्रा उलटा बसवलेला असतो, आयएन-१२ मध्येही तसंच. माल अस्सल आहे.

रेझिस्टरला हात लावू नका. पेटलेल्या आयएन-१४ वर साधारण १४० व्होल्ट राहतात, उरलेले रेझिस्टरवर पडतात. १८० व्होल्टला (१८० − १४०) ÷ १५ किलो = २.७ मिलिअँपिअर. या ट्यूबला २.५ च्या आसपास हवेत, म्हणजे तुमची निवड बरोबर आहे.

आता तुमच्याच आकड्यांवरून हिशोब करा. एका ट्यूबला १७२ व्होल्ट, म्हणजे ३२ व्होल्ट रेझिस्टरवर, २.१ मिलिअँपिअर, गुणाकार ०.३७ वॅट. चार ट्यूबना १५० व्होल्ट, म्हणजे प्रत्येकी ०.६७, एकूण २.७ मिलिअँपिअर, गुणाकार ०.४ वॅट. भार काहीही असला तरी तुमचा कन्व्हर्टर ०.४ वॅटच्या पुढे जात नाही. चार ट्यूब नीट पेटवायला सुमारे १.९ वॅट लागतात. ट्यूब निर्दोष आहेत, त्यांची उपासमार होते आहे. प्रवाह कमी पडला की चमक पूर्ण कॅथोडवर पसरत नाही आणि आकडा अर्धवट दिसतो.

दोष कॉइलचा. ती हिरवी कॉइल सिग्नलच्या फिल्टरसाठी असते. तिची तार केसासारखी, गाभा इवलासा. थोड्याशा प्रवाहातच ती सॅच्युरेट होते (गाभ्यात आणखी चुंबकत्व मावत नाही) आणि नंतर ती कॉइल न राहता नुसती तार उरते. मग मॉसफेटमधून प्रवाह उसळतो, ऊर्जा आउटपुटला जात नाही आणि सगळी उष्णता तिथेच निघते. कॉइलवर १०० मायक्रोहेन्री लिहिलेलं असणं पुरेसं नाही, सॅच्युरेशन प्रवाह विचारूनच घ्या: किमान २ अँपिअर, रोध ०.२ ओहमच्या आत. ड्रम किंवा टोरॉइड, कोणतीही चालेल. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तपकीर गल्लीत दुकानदाराला नुसतं "१०० मायक्रोहेन्री" म्हणालात तर तो बहुधा पुन्हा हिरवीच हातात ठेवेल.

पिन ६ आणि ७ मध्ये करंट सेन्स रेझिस्टर (आयसीला प्रवाह मोजून देणारा) किती आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. ०.२५ ओहम ठेवा. १ ओहमचे चार समांतर जोडले की झालं. आयसी ०.३ व्होल्टला प्रवाह तोडतो, म्हणजे शिखर १.२ अँपिअर. १०० मायक्रोहेन्रीत तेवढ्या प्रवाहाला ७२ मायक्रोज्यूल साठतात. तोटा धरून २.६ वॅट हवे असतील तर सेकंदाला साधारण ३६,००० ठोके. एमसी३४०६३ ला हे सहज जमतं.

सोल्डर_आणि_चहा:
काकांचा हिशोब पटला, पण नुसती कॉइल बदलून मॉसफेट थंड होणार नाही. अजून दोन गोष्टी आहेत.

पहिली, गेट. पिन २ गेटला वर खेचते, खाली खेचत नाही. खाली आणायला तुमच्याकडे फक्त १ किलोओहम आहे. आयआरएफ७४० चं गेट बऱ्यापैकी मोठं, त्यामुळे ते सावकाश रिकामं होतं आणि तेवढा वेळ मॉसफेट अर्धवट चालू राहतो. उपाय स्वस्त आहे. पिन २ वरून १एन४१४८ डायोड घ्या, त्याचा कॅथोड गेटकडे. २एन३९०६ या पीएनपी ट्रान्झिस्टरचा एमिटर गेटला, बेस पिन २ ला, कलेक्टर ग्राउंडला. १ किलोओहम आता पिन २ आणि ग्राउंड यांच्यामध्ये. पिन २ खाली गेली की ट्रान्झिस्टर गेट झटक्यात रिकामं करतो.

दुसरी, डायोड. १एन४००७ हा ५० हर्ट्झच्या रेक्टिफायरसाठी. तो लवकर बंद होत नाही; तेवढ्या वेळात आउटपुट कॅपॅसिटरमधला विद्युतभार उलटा कॉइलकडे वाहतो. यूएफ४००४ लावा: ४०० व्होल्ट, ५० नॅनोसेकंदांत बंद होतो.

ब्रेडबोर्ड इथे चालणार नाही. १.२ अँपिअरचे तीक्ष्ण ठोके लांब वायर आणि ढिल्या पत्र्यांतून गेले की आयसीचा फीडबॅक (आउटपुट किती आहे हे तिला कळवणारी जोडणी) गोंधळतो. डॉट बोर्डवर सोल्डर करा. मॉसफेटचा सोर्स, आयसीचं ग्राउंड आणि इनपुट कॅपॅसिटरचं ऋण टोक एकाच जाड ठिपक्यावर आणा. इनपुटला ४७० मायक्रोफॅरड, २५ व्होल्ट, कॉइलला चिकटून. आउटपुटच्या ४.७ मायक्रोफॅरडला समांतर १०० नॅनोफॅरड, ४०० व्होल्टचा फिल्म कॅपॅसिटर.

फीडबॅकसाठी वरच्या बाजूला एकच ६८० किलोओहम असेल तर काढा. पाव वॅटच्या रेझिस्टरवर सतत १८० व्होल्ट ठेवण्यापेक्षा ३३० किलोचे दोन ओळीने लावा, खाली ४.७ किलो. आयसीचा संदर्भ १.२५ व्होल्ट, म्हणजे साधारण १७७ व्होल्ट मिळतील. पुरेसे आहेत.

तांबडा_उजेड:
सगळं सांगितल्याप्रमाणे बदललं. सेन्स रेझिस्टर १ ओहम होता, आता ०.२५. चार ट्यूबवर १७६ व्होल्ट स्थिर, अडॅप्टरमधून उच्च दाबाच्या भागाला ०.२ अँपिअर, मॉसफेट जेमतेम कोमट. मनापासून आभार.

आता उरलेलं. तासाच्या दशक स्थानाच्या ट्यूबवर ०, १, २ लख्ख दिसतात, पण चाचणीत ७ ची आडवी रेघ आणि ९ चा वरचा भाग काळाच राहतो. मिनिटाच्या एका ट्यूबवर ३ पेटला की ८ पुसटसा दिसतो.

कॅथोड_काका:
१ ओहमचा सेन्स म्हणजे शिखर फक्त ०.३ अँपिअर. म्हणजे ०.४ वॅटच्या मर्यादेला तोही कारणीभूत होता.

७ आणि ९: हे कॅथोड पॉयझनिंग. पेटलेल्या कॅथोडवरून धातूचे कण उडतात आणि न पेटणाऱ्या शेजाऱ्यांवर बसतात. जुन्या उपकरणात ती ट्यूब वर्षानुवर्षं मोजकेच आकडे दाखवत असेल. उपाय: त्या एका ट्यूबला १५ ऐवजी १२ किलोओहम लावा, म्हणजे ३ मिलिअँपिअर, आणि ७ एकटा सलग काही तास पेटता ठेवा, नंतर ९. काळा भाग कडेकडून हळूहळू उजळत जातो. एका रात्रीत फरक दिसला नाही तर पुढे चालू ठेवा, पण प्रवाह वाढवत बसू नका. बरा झाला की रेझिस्टर पुन्हा १५ किलो. आणि प्रोग्राममध्ये रोज पहाटे काही मिनिटं चारही ट्यूबवर ० ते ९ फिरवा. तासाच्या दशक स्थानाला हे हवंच, कारण तिथे ३ ते ९ कधी येतच नाहीत.

सोल्डर_आणि_चहा:
पुसट ८ साठी: त्या ट्यूबचा के१५५आयडी१ दुसऱ्या ट्यूबच्या चिपशी अदलाबदल करा. दोष चिपबरोबर सरकला तर ८ चं आउटपुट गळतंय, चिप बदला. तिथेच राहिला तर बोर्ड पाहा. सोल्डरिंगनंतर उरलेला फ्लक्सचा थर पावसाळी हवेत ओलावा धरतो आणि १७६ व्होल्टला तेवढी वाट पुरते. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश घेऊन पिनांच्या मधली जागा घासा, पूर्ण वाळू द्या, मगच चालू करा.

घासण्याआधी वीज काढून अर्धा मिनिट थांबा. तुमची फीडबॅकची साखळी ४.७ मायक्रोफॅरडला साधारण ३ सेकंदांच्या टाइम कॉन्स्टंटने रिकामं करते, तरीही मीटर लावून १० व्होल्टच्या खाली आल्याची खात्री करा.

वेळेसाठी डीएस३२३१ या घड्याळाच्या चिपचं निळं मॉड्यूल घेणार असाल तर त्यावरचा २०१ छापलेला रेझिस्टर काढून टाका. तो डायोडमार्गे बॅटरी चार्ज करायला बघतो आणि साधा सीआर२०३२ बटण सेल चार्ज करायचा नसतो, सेल फुगतो.