मदत हवी आहे: अनुकंपा प्रतीक्षायादीत आईऐवजी मुलीचं नाव, ज्येष्ठता कोणत्या तारखेची?

कर्मचारी गट-क, राज्य शासन, सेवेत असताना २०१९ मध्ये निधन. पत्नीने वर्षाच्या आत अनुकंपा नोकरीसाठी (सेवेत वारलेल्या कर्मचाऱ्याच्या वारसाला मिळणारी) अर्ज केला, नाव प्रतीक्षायादीत आहे, क्रमांक अजून लांब. चार महिन्यांनी त्यांना ४५ वर्षं पूर्ण होतील, ही वयोमर्यादा असल्याने नाव यादीतून कमी होणार. मुलगी २१ वर्षांची, बी.कॉम., मराठी टंकलेखन ३० झालंय. दुसरा वारस नाही, त्यामुळे ना-हरकतीचा वाद नाही.

नावबदलाचा अर्ज दिला, पोच घेतली. सोबत मृत्यू दाखला, वारस प्रमाणपत्र, आईचं संमतीचं प्रतिज्ञापत्र. कार्यालय तोंडी सांगतं, '२० मे २०१५ च्या शासन निर्णयाने नाव बदलता येत नाही.' लेखी मात्र काही देत नाही! ती बंदी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २०२० मध्येच अयोग्य ठरवली, तो निकालही जोडलाय.

न्यायालयात न जाता असा बदल कुणाला मिळालाय का? मिळाला असेल तर आदेशात ज्येष्ठता (यादीतला क्रम) आईच्या मूळ अर्जाच्या तारखेची धरली की मुलीच्या अर्जाच्या? आणि निर्णय होण्याआधीच आईला ४५ पूर्ण झाले, तर प्रलंबित अर्ज टिकतो का?