मदत हवी आहे : जुन्या रुळांवरून ऑर्डर कोणाची ते ओळखायचं आहे

जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वे 1925 मध्ये सरकारी व्यवस्थापनाखाली आली. रेल्वेची मानकं ठरवणारं सेंट्रल स्टँडर्ड्स ऑफिस 1930 चं, आणि 1957 मध्ये ते लखनौच्या आरडीएसओत (रेल्वेची संशोधन, आराखडे आणि मानकांची संस्था) विलीन झालं. या टप्प्यांमधले रूळ आजही शेडच्या खांबांत, कुंपणांत उभे आहेत. अशा तुकड्यांची नोंद चालू आहे.

वेबवरची (रुळाचा माथा आणि तळ यांमधला उभा भाग) उठावाची अक्षरं लागतात : कारखाना, वर्ष, महिना बहुधा रोमन आकड्यात, पोलादाची पद्धत. 'ओबी' म्हणजे ओपन हार्थ बेसिक. खोलगट ठोकलेले आकडे हीट नंबरचे (पोलाद वितळवलेल्या घाण्याचा क्रमांक), ते वेगळे धरले आहेत.

घोळ रंगाच्या थरांमुळे होतो. 3 चा 8 दिसतो, 1931 चं 1981 होतं. ग्राइंडर लावू नका, उठाव कायमचा जातो. तारेचा ब्रश, वर खडू आणि बाजूने तिरपा टॉर्च पुरतो. सेक्शन (रुळाचा छेद) पट्टीने मोजा : 90 आर (यार्डाला 90 पौंडांचा रूळ) ची उंची 142.9 मिमी, तळ 136.5, 75 आर ची 128.6 आणि 122.2. गंजलेल्या तळाचं माप कमीच येणार आणि माथा झिजलेला असला तर उंचीही, म्हणून दोन्ही घ्या.

अडलंय ते इथे : लंडनमार्फत मागवलेल्या रुळांवर तपासणी करणाऱ्या सल्लागार इंजिनिअरांचा वेगळा शिक्का असायचा का? असला तर टोकावर की वेबवर? 1930 आधीच्या तुकड्याचा स्पष्ट फोटो कोणाकडे असेल तर शेजारी पट्टी ठेवून टाका. जुन्या इंडेंटची (मागणीपत्राची) नक्कल मिळाली तर सोन्याहून पिवळं.