कूर्चा दिसली तरी आणखी ब्लॉक घ्या

स्तनाच्या गाठीत नुसत्या लांबट तर्कूसारख्या पेशी दिसल्या आणि सायटोकेराटिन (अस्तर-पेशींची खूण असलेलं प्रथिन) निगेटिव्ह आलं, की सार्कोमा, म्हणजे संयोजी ऊतींचा कर्करोग, लिहून मोकळं व्हावं, हे या चर्चेत वर मांडलेलं मत मला पटत नाही. स्तनात मूळचा सार्कोमा फार विरळा. आधी मेटाप्लास्टिक कार्सिनोमा नाकारायला हवा, म्हणजे अस्तर-पेशींचा असा कर्करोग, ज्यातल्या पेशी रूप बदलून तर्कूसारख्या किंवा कूर्चेसारख्या दिसतात. त्यात एई१/एई३ ही केराटिनची नेहमीची चाचणी कोरी निघते आणि सीके५/६ (दुसरं केराटिन) किंवा पी६३ (आणखी एक खूण) मात्र ठिकठिकाणी उमटतं, असं होतंच. एका केराटिनवर भिस्त ठेवू नका.

आणि काढलेली गाठ तपासणीसाठी कापण्याबद्दल इथे कुणी बोललंच नाहीये. मी सोलापुरात पॅथॉलॉजी करते. गड्डा यात्रेच्या दिवसांत तालुक्याहून एक गाठ आली, मुलगा एसटीतून बरणी मांडीवर धरून आला होता. सुई बायोप्सीत फायलॉइड्सचा (स्तनातली आणखी एक प्रकारची गाठ, कधी साधी, कधी घातक) संशय लिहिलेला. कापताना एका जागी सुरी करकरली. तिथला भाग निळसर पांढरा, चकचकीत. स्लाइडवर कूर्चा निघाली. पण कूर्चा घातक फायलॉइड्समध्येही सापडते, म्हणून आणखी बारा ब्लॉक (स्लाइडसाठी मेणात बसवलेले गाठीचे तुकडे) घेतले. त्यातल्या अकराव्यात स्क्वेमस पेशींचा (त्वचेसारख्या चपट्या अस्तर-पेशींचा) लहानसा पुंजका होता, मधोमध केराटिनचे मोती, आणि शेजारच्या नलिकेत डीसीआयएस, म्हणजे नलिकेबाहेर न पसरलेला कर्करोग. निदान तिथेच मेटाप्लास्टिक कार्सिनोमाकडे फिरलं. ईआर, पीआर (हार्मोन रिसेप्टर) आणि हर-२ (उपचार ठरवणारं एक प्रथिन) तिन्ही निगेटिव्ह आले, यात बहुधा तसेच येतात. पहिल्या चार ब्लॉकांवर थांबले असते, तर त्या बाईंच्या केमोचा विचारही झाला नसता. आता प्रत्येक कडक, करकरणाऱ्या जागेचा ब्लॉक मी स्वतः घेते.